झुडपाखाली निजलेला माणूस

दवाखान्याच्या त्या हॉलमध्ये मी जवळजवळ वर्षभर बसत होतो, आणि समोरच्या भिंतीवर काय लावलं आहे ते मला सांगता आलं नसतं. मी शाळेत चित्रकला शिकवतो. पण त्या हॉलमध्ये बसलेला माणूस काही पाहत नाही. आतल्या दारावरचा पडदा हलला की मान वर करतो, आणि आपलं नाव नाही असं कळलं की पुन्हा खाली घालतो.

आठवड्यातून दोनदा आम्ही जळगाव जामोदहून सकाळची बस धरायचो. बायको खिडकीशी, मी तिच्या बाजूला, मांडीवर पिशवी. पिशवीत तिची चादर, स्वेटर, औषधांची पुडी, डब्यात दोन पोळ्या आणि जवळजवळ अळणी भाजी. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आमच्या भागातलं पाणी खारं, आणि असे पेशंट आमच्याकडे गल्लीगल्लीत. ते पाण्यानं होतं की आणखी कशानं, यावर डॉक्टर वेगवेगळं सांगायचे. सुरुवातीला आम्ही विचारायचो. पुढे विचारणं सुटलं. आजार कुठून आला यापेक्षा बसमध्ये जागा मिळेल का, हे जास्त महत्त्वाचं होऊन बसलं.

आम्हाला मूलबाळ नाही. बायको अंगणवाडीत सेविका होती, आजारानं ती नोकरी सुटली. तिला गावातली निम्मी पोरं आणि त्यांच्या आया ओळखायच्या. बसमध्ये कोणी ना कोणी उठून तिला जागा द्यायचं, आणि त्याचं तिला वाईट वाटायचं. "मी का म्हातारी झाली का?" असं ती माझ्या कानात म्हणायची, आणि बसायची.

दवाखाना मिशनचा, जुना, घाटाखालच्या एका मोठ्या गावातला. दगडी इमारत, पुढे कडुनिंब, मागच्या बाजूला डायलिसिससाठी नवी खोली. बायकोला आत घेतलं की पडदा पडायचा. मग चार तास मी आणि बाकडं.

त्या बाकड्यावर माझ्या शेजारी एक चाचा असायचे. सोनाळ्याहून यायचे. गाद्या-रजया भरण्याचं त्यांचं काम. कापूस पिंजून पिंजून त्यांच्या भुवया कायमच्या पांढुरक्या दिसायच्या, खऱ्या पिकलेल्या किती आणि कापसाच्या किती ते कळायचं नाही. ते आपल्या धाकट्या विधवा बहिणीला घेऊन यायचे. त्यांची बहीण आणि माझी बायको, दोघींचे पलंग आत शेजारी शेजारी होते. आम्ही दोघं बाहेर फारसं बोलायचो नाही. एकानं चहा आणला की दोन आणायचा, एवढंच ठरलेलं होतं.

एक दिवस चाचांनीच समोर बोट केलं.

"सर, तुमी ड्रॉइंगचे मास्तर ना? मंग मले सांगा, तो माणूस झोपेल आहे का मरेल आहे?"

मी चष्मा पुसून पाहिलं.

भिंतीवर लसीकरणाच्या तक्त्याच्या आणि हात धुण्याच्या सूचनांच्या मधोमध काळ्या चौकटीत एक चित्र होतं. निळं, जवळजवळ सगळं निळं. खालच्या बाजूला एक माणूस अंगाचं मुटकुळं करून पडलेला, मातकट पिवळ्या वस्त्रात. त्याच्यावर चारदोन काळ्या फटकाऱ्यांत काढलेलं काटकुळं झुडूप, सावलीही न देणारं. वरच्या कोपऱ्यातून एक देवदूत तिरपा, जवळजवळ उलटा खाली झेपावलेला. त्याचा एकच पंख दिसायचा, लाल. आणि त्याचा हात शरीराच्या मानानं फारच मोठा. तो हात निजलेल्याच्या खांद्यावर टेकलेला होता. माणसाच्या उशाशी निखाऱ्यांवर एक जाडसर भाकर आणि एक सुरई. निजलेल्याचा चेहरा अर्धा हिरवा होता. कोणाच्या अंगावर सोनेरी झळाळी, डोक्यामागे तेजोवलय, असं काही नाही. परीक्षेत एखाद्या पोरानं असं चित्र काढलं असतं तर आमच्या हेडमास्तरांनी मलाच बोलावून घेतलं असतं.

मी उठून जवळ गेलो. काच धुळीनं भरली होती, रुमालानं एक कोपरा पुसला. आणि कितीतरी दिवसांनी माझं लक्ष पडद्यावरून निघून दुसऱ्या कशावर तरी बसलं. ते छापील चित्र होतं, पण दुकानात मिळतं तसलं नव्हे. रंगात खडूचे कण दिसत होते. लाल पंखाच्या कडेला रंग किंचित सरकलेला होता, त्यामुळे कागदाची पांढरी फट राहिली होती. खाली पेन्सिलीनं केलेली, वाचता न येणारी सही. नागपूरला शिकत असताना आमच्याकडून एकदा असं काम करून घेतलं होतं. ही शिळाछाप होती, दगडावरून काढलेली.

"झोपलेला आहे," मी चाचांना येऊन सांगितलं. "मेलेल्या माणसाले कोणी हलवून उठवत नाही."

"हाव," चाचा म्हणाले. "ते बी खरं."

परतीच्या बसमध्ये बायको नेहमी डोळे मिटून असायची. त्या दिवशी मी तिला शिळाछापेचं सांगत बसलो. सपाट घासलेला दगड घ्यायचा, त्यावर तेलकट खडूनं चित्र काढायचं. मग दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. पाणी प्यालेला दगड शाई घेत नाही, तेलकट रेघ तेवढी घेते. जितके रंग तितके दगड, आणि प्रत्येक दगडावर कागद नेमका त्याच जागी बसला पाहिजे. मला वाटलं ती झोपली.

"म्हणजे दगडालेबी पोटभर पाणी पाजतात," ती डोळे न उघडता म्हणाली. "अन मले घोटभर."

तिला दिवसाचं पाणी मोजून होतं. औषधाच्या गोळ्यांपुरतं आणि त्याच्यावर थोडं. तिची तहान हा आमच्या घरातला तिसरा माणूस होता. ती लिंबाची फोड चघळायची, बर्फाचा खडा तोंडात धरायची, ओल्या फडक्यानं ओठ पुसायची. उन्हाळ्यात मी तिच्यासमोर पाणी पिणं सोडलं होतं. मागच्या अंगणात जाऊन प्यायचो, तर तीच ओरडायची, "इथी येऊन प्या, चोरासारखे काऊन पिता?"

पुढच्या खेपेला आत जाताना ती हॉलमध्ये थांबली. चित्रासमोर उभी राहिली.

"त्या सुरईत पाणी आहे?" तिनं विचारलं.

तिथल्या सिस्टरनं ते ऐकलं. ही सिस्टर इथलीच, ख्रिस्ती घरातली, बोलायला आमच्यासारखीच. "आहे ना मावशी," ती म्हणाली. "चला आत, मशीन लावता लावता सांगते." तिनं मलाही पडद्याच्या आत येऊ दिलं.

बायकोच्या दंडात सुया टोचत तिनं गोष्ट सांगितली. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या जुन्या भागातली ती गोष्ट. हा माणूस एक संदेष्टा होता. त्यानं देवाची मोठमोठी कामं केली, म्हणून राणी त्याच्या जिवावर उठली. तो रानात पळून गेला. चालून चालून दमला, एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, बस झालं, आता मला ने. आणि तसाच निजला.

"मंग देवदूत आला अन त्याले हलवलं. म्हणे, ऊठ, खा. पाहते तं उशाशी भाकर अन पाणी. त्यानं खाल्लं, पाणी प्याला, अन परत झोपला."

"परत झोपला?" बायकोनं विचारलं.

"हाव ना. दूत दुसऱ्यांदा आला. म्हणे, आणखी खाऊन घे, तुले लय दूर जायचं आहे."

"देव रागावला नाही?"

"नाही."

"कामं सोडून पळून आला तरी?"

"नाही मावशी. जेवू घातलं फक्त."

बाजूच्या पलंगावरून चाचांची बहीण म्हणाली, "आमच्यातबी हायेत हे पैगंबर." मशीन सुरू झालं आणि मला बाहेर काढण्यात आलं.

त्यानंतर बायको घरी त्या माणसाबद्दल बोलायची. 'तुमचा निजलेला' म्हणायची. बसमधून उतरताना, "चला, तुमचा निजलेला वाट पाहून राह्यला असेल." मी एकदा चित्रकलेची जुनी वही काढून हॉलमध्ये बसून त्याची नक्कल करायला घेतली. हात चालला नाही. शाळेत चित्रकलेचे तास गणिताला द्यायचे आणि आपण पोरांना गप्प बसवायचं, हे इतकी वर्षं चाललं होतं की रेघ मरून गेली होती. चाचा वाकून पाहायचे आणि भलेपणानं काही बोलायचे नाहीत. दोनतीन खेपांनंतर मी वही पिशवीतून काढायचा थांबलो.

मग तो उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा काही नवा नाही, पण बसचे पत्रे तापायचे, पाय टेकवत नसत. बायकोची ताकद उतरत चालली होती. मशीनवरून निघाली की तिला वांत्या व्हायच्या. घरी येऊन ती जी आडवी व्हायची ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठायची, आणि उठली की परवा पुन्हा जायचं आहे, हे आठवायचं.

एका सकाळी मी पिशवी भरून तिच्या पलंगाशी गेलो. ती जागीच होती.

"मी नाही येत," ती म्हणाली.

"बस चुकते, ऊठ."

"चुकू द्या. मी नाही येत म्हटलं ना. आजचं नाही म्हणत, येतच नाही. बस झालं."

मी समजावलं. मग रागावलो. मग तिच्या पायाशी बसून राहिलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्या आवाजात रडणं नव्हतं, भांडणही नव्हतं. अंगणवाडीत दुपारी सगळी पोरं गेल्यावर कुलूप लावताना असायचा, तसा आवाज होता. "तुमीबी थकले," ती म्हणाली. "मले दिसते. तुमी म्हणत नाही, पण मले दिसते."

मला नाही म्हणता आलं नाही. पिशवी मी खुंटीला अडकवली. खरं सांगायचं तर त्या दिवशी बसमध्ये बसावं लागलं नाही म्हणून अंगातून काहीतरी सैल झालं, आणि मी ओसरीत खुर्चीवरच झोपलो.

दुपारी चाचांचा फोन आला. "सर, काऊन आले नाही?" मी सांगितलं. ते म्हणाले, "थांबा, बहिणीले देतो." मी फोन बायकोच्या कानाशी धरला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. मशीनच्या घरघरीतून ती बोलत होती.

"ताई, तुमचा पलंग रिकामा पडेल आहे. मले करमून नाही राह्यलं."

"दुसरं कोणी येईन त्याच्यावर," बायको म्हणाली.

"येईन. पण ते थोडंच तुमच्यासारखं सिस्टरची नक्कल करीन?"

बायको हसली. पण गेली नाही. त्याच्या पुढची खेपही गेली नाही. मला वाटलं होतं की फोननं फरक पडेल, तसा पडला नाही. तिसऱ्या खेपेच्या सकाळी मी चहा ठेवत होतो तेव्हा तिनं हाक मारली. ती उशाला टेकून बसली होती, तोंड सुजलेलं, श्वास वरच्या वर. झोपलं की छातीत पाणी भरल्यासारखं होत होतं.

"गाडी पाहा," एवढंच म्हणाली.

सकाळची बस निघून गेली होती. शेजाऱ्याची जीप मिळाली. त्या दिवशी तिला ऑक्सिजन लावून मशीनवर घेतलं, आणि सिस्टरनं आम्हा दोघांनाही एक शब्द सुनावला नाही. बऱ्याच उशिरा ती बोलण्यासारखी झाली तेव्हा मी विचारलं, मग यायचं का ठरवलं?

"मरायची भीती नव्हती वाटत," ती म्हणाली. "गुदमरायची वाटली." मग थोड्या वेळानं, "भूक लागली. पोळी आहे का?" घाईत मी डबा आणलाच नव्हता. चाचांनी आपल्या फडक्यातली भाकर काढून दिली. ती थंड झालेली होती आणि सोबत काही नव्हतं. तिनं ती कोरडीच, तुकडा तुकडा करून खाल्ली.

पावसाळ्यानंतर दवाखान्याची रंगरंगोटी निघाली. हॉलला फिकट पिवळा रंग दिला, बाकडी काढून खुर्च्या आणल्या, भिंतीवर टीव्ही लावला. टीव्हीवर दिवसभर मालिका. चित्र नव्हतं. मी सिस्टरला विचारलं, तिला माहीत नव्हतं. मग एकदा औषधांच्या खिडकीकडे जाताना जिन्याखाली मोडकी खाट, जुने पंखे आणि तक्ते ठेवले होते त्यात मला काळ्या चौकटीची कड दिसली. काच फुटली होती. चौकटीला वाळवी लागली होती, आणि एका कोपऱ्यात ओल चढून निळा रंग ढगासारखा उठला होता. माणूस आणि सुरई मात्र धड होती.

दवाखान्याचे मुख्य डॉक्टर भले गृहस्थ. मी त्यांच्याकडे जाऊन म्हटलं, हे टाकून देणार असाल तर मला द्या. ते आधी समजलेच नाहीत कोणतं. कोणी परदेशी डॉक्टरीणबाई पूर्वी इथे होत्या, त्या जाताना बरंच काही ठेवून गेल्या, त्यातलं असेल, असं म्हणाले. "न्या ना सर. वाळवीनं खाण्यापेक्षा बरं."

बसमधून न्यायचं म्हणजे प्रश्नच होता. चाचांनी पुढच्या खेपेला एका रजईची जुनी खोळ आणली, काचा काढल्या आणि चित्र खोळीत घालून वरून सुतळीनं बांधलं. "आता भिंतीले ठोकलं तरी काही होत नाही," ते म्हणाले. मी आणि बायको ते दोघांच्या गुडघ्यांवर आडवं धरून घरी आलो. नवी चौकट मी स्वतः केली, आणि तिच्या पलंगासमोर, कॅलेंडरच्या बाजूला, खिळा ठोकला.

ती दिवसभर पाहत पडायची. तिला त्यात काहीबाही दिसायचं. एकदा म्हणाली, देवदूताचा हात एवढा मोठा काऊन काढला ते आता कळलं, झोपेतून उठवणाऱ्याचा हात तसाच वाटते. एकदा म्हणाली, भाकर करपून राह्यली आहे.

घरी येणारे-जाणारे होतेच. कोणी बघून विचारायचं, कोणी विचारायचं नाही. न विचारणाऱ्यांनी जास्त बोलणं केलं. शाळेत एका सहकाऱ्यानं चहा पिता पिता सहज विचारलं, "सर, प्रार्थनेले जाऊन राह्यले म्हणे तुमी?" मी हसून सोडलं. घासून निघालेल्या माणसाला अशा गोष्टींचा राग यायलाही ताकद लागते.

मग दादा आला. माझा मोठा भाऊ गावी शेती करतो, माझ्यापेक्षा बराच मोठा, आमचे वडील गेल्यावर त्यानंच मला शिकवलं. तो कधी न सांगता येत नसे. त्या दिवशी आला, पायही न धुता आतल्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि चित्राकडे पाहिलं.

"हे काय लावलं बे?"

"चित्र आहे, दादा."

"ते मलेबी दिसते. कोणाचं आहे? गावात लोक काय बोलून राह्यले, काही माहित आहे का तुले? म्हणतात, बायकोच्या दुखण्यापायी मास्तर बाटला."

"तसं काही नाही."

"मंग काढ ते."

मी काही बोलण्याआधी बायको उठून बसली. तिनं डोक्यावर पदर घेतला, दादासमोर ती नेहमी घ्यायची.

"भाऊजी, तुमी देवाचा फोटो आणा, तोबी लावते. जागा आहे. पण हे निघणार नाही."

"काऊन? काय आहे एवढं त्याच्यात?"

"माह्यासाठी सगळ्यांनी सगळं केलं. तुमीबी केलं. ज्यानं जे सांगतलं ते मी केलं. उपास केले, दर्गा केला, नवस बोलली, अंगारा खाल्ला. सगळेच मले काही ना काही करायले सांगतात. हा एकटा काही सांगत नाही. नुसता पडून आहे." तिला दम लागला. ती थांबली. "माह्यासारखा."

दादा तसाच उभा राहिला. त्याचं तोंड कसंतरी झालं होतं. मी पाणी आणलं, ते त्यानं घेतलं नाही. चहा न घेता तो गेला, आणि फाटकातून मला म्हणाला, "तिच्यापुढं काय बोलाव आता." पुढे कितीतरी दिवस त्याचा फोन आला नाही.

हिवाळ्यात चाचांची बहीण गेली. आदल्या खेपेपर्यंत ती बोलत होती. बायकोला दवाखान्यातच कळलं, सिस्टरच्या चेहऱ्यावरून. त्या दिवशी ती चार तास पलीकडच्या रिकाम्या पलंगाकडे पाठ करून पडली.

मी रविवारी सोनाळ्याला गेलो. चाचा दुकानात होते. दुकानात कापसाचे ढीग, पण मशीन बंद होतं. त्यांनी मला गादीवर बसवलं.

"सर, काय सांगू," ते म्हणाले. "सकाळी उठतो, नमाज पढतो, कपडे घालतो, अन स्टँडवर जाऊन उभा राहतो. गाडी येते. कंडक्टर पाहते माह्याकडं. मंग आठवते. गाडी चालली जाते अन मी घरी येतो. बोला, कुठी जाऊ आता?"

थोड्या वेळानं एक बाई गादी टाकायला आली, तिच्याशी ते माप, कापूस, खोळ असं बोलायला लागले आणि मी निघालो. त्यानंतर हॉलमध्ये माझ्या बाजूच्या खुर्चीवर दर खेपेला वेगळा माणूस असायचा. चहा मी एकच आणायचो.

बायको पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहिली. शेवटी शेवटी ती फार उठत नसे. मला शाळेतून जास्त रजा मिळत नव्हती, आणि मी कोणाला काही म्हटलं नव्हतं, पण एक दिवस दादा पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, "तू शाळेत जा. मी आहे." वावरातली कामं सोडून तो आला होता. सकाळी मी जायचो, दुपारभर तो तिच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचा. दीर आणि भावजय. आयुष्यभर दोघं एकमेकांशी दोन वाक्यांच्या वर बोलले नव्हते, आता तो तिला चमच्यानं पेज भरवत होता. समोर ते चित्र होतंच. मी एकदा लवकर आलो तेव्हा दारातून ऐकलं.

"मंग हा उठला का पुढं?" दादा विचारत होता.

"उठला ना. खाल्लं, परत झोपला, मंग उठला."

"अन गेला कुठी?"

"एका पहाडावर. लय दिवस चालला म्हणते सिस्टर." ती श्वास घ्यायला थांबली. "तिथी देव त्याच्याशी बोलला."

"काय बोलला?"

"ते मी नाही विचारलं, भाऊजी."

दादा हं म्हणाला. त्यानं पेजेची वाटी खाली ठेवली आणि तिच्या ओठांवरून ओलं फडकं फिरवलं.

ती गेली ती एका साध्या सकाळी, मी तिचे केस विंचरत होतो तेव्हा. आधी वाटलं मान कलली. दादा अंगणात दात घासत होता. मी त्याला हाक मारली, ती हाक माझी मलाच लहान पोरासारखी वाटली.

मग माणसं आली. स्वयंपाकघर बायकांनी ताब्यात घेतलं. तिच्या माहेरच्या एका बाईंनी त्या खोलीत दिवा ठेवायचा म्हणून आवराआवर केली, आणि बाहेरचे लोक येतील, उगाच बोलणं नको, या विचारानं चित्रावर तिचीच एक जुनी साडी घडी उलगडून टाकली. मी ते पाहिलं. माझ्यात काही म्हणायचं त्राण नव्हतं. साडी अंगणवाडीतल्या कार्यक्रमाची होती, जांभळ्या काठांची.

दादा आत आला. दिव्यासमोर हात जोडले. वर पाहिलं. तो चपळ नाही, गुडघे दुखतात त्याचे, पण मग स्टूल ओढून चढला आणि साडी काढली. नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"तिच्या समोरचं आहे ते," तो त्या बाईंना म्हणाला. "राहू द्या."

गावातल्यांनी पुढे काय बोलणं केलं असेल ते केलं असेल, माझ्यापर्यंत आलं नाही.

चाचा तेराव्याच्या आदल्या दिवशी येऊन गेले. दारातच बसले, आत आले नाहीत, पाणी प्याले. दादानं त्यांना ओळख विचारली. मी सांगितलं, दवाखान्यातले. दादानं त्यांना गाडीपर्यंत सोडलं. परत आल्यावर तो म्हणाला, "चांगला माणूस आहे. कापसाची पराटी कशी आहे विचारत होता."

तेरावं झाल्यावर सगळे पांगले. दादा आणखी चार दिवस थांबला. आम्ही दोघं भाऊ स्वयंपाकात सारखेच अडाणी, रोज वरण-भात. तो सकाळी फिरून यायचा, मी शाळेत जायचो, आल्यावर दोघं ओसरीत बसायचो. माझ्या अंगात एवढा शीण होता की शाळेचा जिना चढताना कठड्याला धरावं लागायचं. तिचं सगळं करत होतो तेव्हा तो कळला नव्हता. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं.

पाचव्या दिवशी दादानं पिशवी भरली.

"फवारणी राह्यली आहे," तो म्हणाला. "पराटीवर कीड आली म्हणून फोन होता. जातो."

"जा."

"तू येत काऊन नाही चारदोन दिवस?"

"शाळा आहे, दादा."

"शाळा आहे." त्यानं मान हलवली. आम्ही स्टँडवर गेलो. त्याची गाडी लागलेली होती, चढताना त्यानं दांड्याला धरून एकदा मागे पाहिलं. "पोळ्याले ये मंग. तुही वहिनी वाट पाहीन."

हो म्हटलं. गाडी गेल्यावर मी भाजीबाजारातून आलो. कोणासाठी किती घ्यायचं ते कळेना, म्हणून नुसती मेथीची एक जुडी घेतली, आणि घरी येऊन अंगणात बसून ती निवडली.